८ जीबीच्या जोडीला कोणती रॅम? डेस्कटॉपची मेमरी वाढवताना काय जुळायला हवं

प्रश्न थोडक्यात असा आहे. कोअर आय५-७४०० प्रोसेसर, एच११० चिपसेटचा मदरबोर्ड, रॅमचे दोन स्लॉट आणि त्यातल्या एकात डीडीआर४-२४०० ची (डीडीआर४ ही रॅमची पिढी, २४०० हा तिचा वेग) ८ जीबीची एकच स्टिक. ब्राउझरमध्ये टॅब वाढले की मशीन अडखळतं. दुसऱ्या स्लॉटमध्ये ३२०० ची रॅम टाकली तर चालेल का, वेगळ्या कंपनीची चालेल का, आणि ८ जीबी घ्यावी की १६?

आधी थेट उत्तर देतो. ३२०० ची स्टिक चालेल, पण ती २४०० नेच धावेल. कंपनी वेगळी असली तरी या पिढीच्या इंटेल मशीनवर सहसा अडचण येत नाही. तुमच्या वापरासाठी ८ जीबीची दुसरी स्टिक घेणं सगळ्यात योग्य. मात्र ती घेताना कंपनी आणि वेग यांच्याइतकंच तिच्यावर चिप्स किती आहेत हे बघा. हा शेवटचा मुद्दा बहुतेक ठिकाणी सांगितलाच जात नाही आणि जुन्या मशीनमध्ये नवी रॅम अडते ती पुष्कळदा तिथेच. म्हणून त्यावर पुढे सविस्तर लिहितो.

खरेदीआधी एक गोष्ट तपासा. मशीन अडखळत असताना टास्क मॅनेजर उघडा, परफॉर्मन्समध्ये जा आणि मेमरीवर क्लिक करा. ८ पैकी ७ जीबीच्या वर वापर टिकून असेल आणि 'कमिटेड' समोरचा पहिला आकडा ८ च्या पुढे गेला असेल, तर रॅम खरोखर कमी पडते आहे. मेमरी निम्मी मोकळी असूनही डिस्क १०० टक्क्यांवर अडकली असेल, तर दुखणं हार्ड डिस्कचं आहे. तिथे रॅम दुप्पट करून काही हाती लागत नाही, एसएसडी बसवल्यावर मात्र मशीन ओळखू येणार नाही. त्याच पानावर 'स्लॉट्स यूज्ड' समोर किती स्लॉट भरले आहेत तेही दिसतं. तरीही कॅबिनेट उघडून डोळ्यांनी खात्री करा, कारण काही बोर्ड तिथे चुकीची संख्या दाखवतात.

आता जुळणीकडे. डीडीआर३, डीडीआर४ आणि डीडीआर५ एकमेकांच्या जागी बसत नाहीत. डेस्कटॉपच्या डीडीआर३ स्टिकला २४० पिना असतात, तर डीडीआर४ आणि डीडीआर५ या दोघींना २८८. पिना सारख्या असल्या तरी खालच्या कडेची खाच वेगळ्या जागी असते, त्यामुळे डीडीआर५ ची स्टिक डीडीआर४ च्या स्लॉटमध्ये शिरत नाही. विजेचा दाबही वेगळा आहे: डीडीआर३ ला १.५ व्होल्ट, डीडीआर३एल ला १.३५, डीडीआर४ ला १.२ आणि डीडीआर५ ला १.१. खाच जुळत नसेल तर जोर लावू नका. तिथे चुकीची स्टिक आहे किंवा ती उलटी धरली आहे, याशिवाय तिसरं कारण नसतं.

नुसत्या प्रोसेसरच्या नावावरून रॅमची पिढी ठरवू नका. आय५-७४०० हा डीडीआर४ आणि डीडीआर३एल दोन्ही चालवू शकतो आणि एच११० चे दोन्ही प्रकारचे बोर्ड बाजारात आले होते. इंटेलच्या १२ व्या ते १४ व्या पिढीतही हेच आहे. प्रोसेसर डीडीआर४ आणि डीडीआर५ दोन्ही जाणतो, पण एका बोर्डावर स्लॉट मात्र बहुधा एकाच प्रकारचे असतात. एएमडीकडे गोष्ट सोपी आहे, प्रोसेसरचं सॉकेट एएम४ म्हणजे डीडीआर४ आणि एएम५ म्हणजे फक्त डीडीआर५.

रॅमशी बोलणारा मेमरी कंट्रोलर आता मदरबोर्डवर नसतो, तो प्रोसेसरच्या आत असतो. एएमडीने २००३ मध्ये अ‍ॅथलॉन ६४ पासून आणि इंटेलने २००८ मध्ये पहिल्या कोअर आय७ पासून तो आत घेतला. म्हणून बोर्डाच्या पानावर लिहिलेला सगळ्यात मोठा वेग तुमच्या मशीनला मिळेलच असं नाही. प्रोसेसरचं पान आणि बोर्डाचं पान, दोन्ही उघडा. जो आकडा लहान, तो तुमचा. आय५-७४०० साठी डीडीआर४ चा अधिकृत वेग २४०० पर्यंत आहे. क्षमता प्रोसेसरच्या हिशेबाने ६४ जीबी, पण एच११० वर दोनच स्लॉट असल्यामुळे ती ३२ जीबीवर थांबते. एच११० बोर्डावर रॅम ओव्हरक्लॉक करायची, म्हणजे ठरलेल्या वेगापेक्षा जोरात चालवायची सोय नाही, त्यामुळे ३२०० ची स्टिक आणली तरी धावणार २४०० नेच.

पण ती चालते कशी? प्रत्येक स्टिकवर एसपीडी नावाची एक छोटी चिप असते. ही स्टिक कमीत कमी किती वेळात एक फेरी पूर्ण करू शकते आणि कोणकोणते टायमिंग (एकेका कामाला किती ठोके थांबायचं याचे आकडे) तिला झेपतात, हे तिच्यात नोंदवलेलं असतं. मशीन चालू होताना बायोस, म्हणजे बोर्डावरचा मूळ प्रोग्राम, दोन्ही स्टिकची ही माहिती वाचतो आणि दोघींना जमेल असा वेग ठरवतो. जलद स्टिक हळू चालू शकते, हळू स्टिकला जलद चालवायची सक्ती करता येत नाही. म्हणून २४००, २६६६ किंवा ३२०० यांपैकी जी सहज मिळेल ती घ्या. ३२०० साठी वेगळे पैसे मोजू नका. नंतर नव्या मशीनमध्ये तीच रॅम टाकायचा विचार असेल तर गोष्ट वेगळी.

आता सध्याची स्टिक बाहेर काढा आणि लेबल वाचा. पुष्कळ स्टिकवर एक ओळ असते: ८ जीबी १आरएक्स८ पीसी४-२४००टी-यूए२-११. पीसी४ म्हणजे डीडीआर४. २४०० हा वेग आणि त्यामागचा 'टी' म्हणजे १७-१७-१७ हे टायमिंग. २६६६ च्या मागे बहुधा 'व्ही' दिसेल, म्हणजे १९, आणि ३२०० च्या मागे 'एए', म्हणजे २२. त्यानंतरचा 'यू' सांगतो की ही साधी डेस्कटॉपची अनबफर्ड स्टिक आहे. तिथे 'आर' असेल तर ती सर्व्हरची, 'एस' असेल तर लॅपटॉपची. कधी वेगाच्या जागी पीसी४-१९२०० असं लिहिलेलं असतं, त्याने गोंधळू नका. २४०० ला ८ ने गुणलं की १९२०० येतात, तो सेकंदाला किती मेगाबाइट जातात याचा आकडा आहे.

त्या ओळीतला सगळ्यात उपयोगी भाग आहे '१आरएक्स८'. पहिला आकडा रँकचा, म्हणजे कंट्रोलर एका वेळी ज्या चिप्सच्या गटाशी बोलतो तसे गट किती. शेवटचा आकडा एका चिपची रुंदी किती बिट आहे ते सांगतो. एका रँकला ६४ बिट पुरवायचे असतात. ८ बिटांच्या चिप असतील तर आठ लागतात, १६ बिटांच्या असतील तर चारच पुरतात. आता साधा भागाकार करा. ८ जीबीच्या स्टिकवर आठ चिप्स असतील तर प्रत्येक चिपमध्ये १ जीबी, म्हणजे ८ गिगाबिट. चारच चिप्स असतील तर प्रत्येकीत २ जीबी, म्हणजे १६ गिगाबिट.

इंटेलच्या सातव्या पिढीचा (तुमचा आय५-७४०० त्यातलाच) कंट्रोलर अधिकृतपणे ८ गिगाबिटच्या चिपपर्यंतच जातो. चार चिप्सच्या, म्हणजे १आरएक्स१६ प्रकारच्या नव्या ८ जीबी स्टिक अशा मशीनवर पुष्कळदा चालतातही, पण त्याची हमी कोणी देत नाही. कधी मशीन सुरूच होत नाही, कधी निम्मी क्षमता दिसते. शिवाय चालल्या तरी त्या थोड्या हळू असतात. डीडीआर४ च्या १६ बिटांच्या चिपमध्ये बँकांचे, म्हणजे साठवणुकीच्या कप्प्यांचे, गट दोन असतात, ८ बिटांच्या चिपमध्ये चार, त्यामुळे एकाच वेळी कामं वाटून घ्यायला तिथे वाव कमी. म्हणून तुमच्यासाठी माझा स्पष्ट सल्ला आहे: आठ चिप्सची १आरएक्स८ स्टिक घ्या. कधी १६ जीबीची स्टिक घ्यायची झाली तर सोळा चिप्सची, म्हणजे २आरएक्स८ मागा. स्टिकवर धातूचं आवरण असेल आणि चिप्स दिसत नसतील तर लेबल किंवा कंपनीच्या पानावरची माहिती बघा. दोन्हीकडे पत्ता लागत नसेल तर ती स्टिक सोडून द्या.

ही भानगड डीडीआर३ च्या जुन्या मशीनमध्ये तर फारच जाणवते. कोअर आयच्या पहिल्या पिढीत ४ जीबीची स्टिक सोळा चिप्सची, दोन्ही बाजूंना आठ-आठ, अशीच लागते. आठ चिप्सची ४ जीबी स्टिक तिथे अडते. दुसऱ्या ते चौथ्या पिढीत ८ जीबीच्या स्टिकचं हेच, सोळा चिप्स हव्यात. आणखी एक सापळा म्हणजे 'फक्त एएमडीसाठी' म्हणून विकली जाणारी स्वस्त डीडीआर३ स्टिक. तिच्यावर ४ बिटांच्या चिप्स असतात आणि इंटेलचा कंट्रोलर त्या वाचतच नाही. जाहिरातीत हा उल्लेख बारीक अक्षरात, कुठेतरी खाली असतो. जुन्या डीडीआर३ मशीनसाठी रॅम शोधणाऱ्यांनी तो शोधूनच काढावा.

सर्व्हरमधून निघालेली रजिस्टर्ड स्टिकही स्वस्त मिळते आणि मोह होतो. डीडीआर४ मध्ये ती साध्या स्लॉटमध्ये अगदी नीट बसते, खाचही जुळते, आणि साध्या डेस्कटॉपवर मशीन मात्र चालू होत नाही. ती टाळा.

८ की १६? तुमच्या स्लॉटमध्ये सध्या एकच स्टिक आहे, म्हणजे कंट्रोलरच्या दोन चॅनेलपैकी (मेमरीकडे जाणाऱ्या वाटांपैकी) एकच वापरात आहे. २४०० च्या एका चॅनेलची कमाल वहनक्षमता सेकंदाला १९.२ जीबी. दुसऱ्या चॅनेलमध्ये ८ जीबी आली की ती ३८.४ होते. रोजच्या कामात वेग दुप्पट होत नाही, पण तुम्ही वेगळं ग्राफिक्स कार्ड वापरत नसाल तर फरक नक्की जाणवतो, कारण प्रोसेसरमधलं ग्राफिक्स हीच मेमरी वाटून घेतं. १६ जीबी टाकली तर एकूण २४ होतील. त्यातली ८ अधिक ८ दोन्ही चॅनेलवर चालेल आणि उरलेली ८ एकाच चॅनेलवर. हे अगदी चालणारं आहे, असमान स्टिकमुळे ड्युअल चॅनेल पूर्ण बंद पडतो ही समजूत आजच्या इंटेल मशीनबाबत खरी नाही. तरीही टॅब, ऑफिसची कामं आणि व्हिडिओ यांसाठी १६ जीबी पुरते. व्हिडिओ एडिटिंग किंवा व्हर्च्युअल मशीन चालवत असाल तरच २४ किंवा ३२ चा विचार करा.

इथे एक गोष्ट मनापासून सांगावीशी वाटते. विंडोज १० चा नियमित सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला आणि आय५-७४०० विंडोज ११ च्या अधिकृत यादीत नाही. म्हणजे या मशीनचं आयुष्य संपलं असं नाही. लिनक्सवर ते अजून छान काम देईल, आणि त्यासाठीही १६ जीबी उपयोगाचीच. पण ३२ जीबीचा नवा संच घेऊन या बोर्डात पैसे गुंतवण्याआधी दोनदा विचार करा, कारण नव्या डीडीआर५ मशीनमध्ये त्या स्टिक जाणार नाहीत.

वेगाच्या आकड्याबरोबर छापलेला सीएल म्हणजे काय, हेही अनेकदा विचारलं जातं. डेटा मागितल्यावर तो यायला किती ठोके लागतात, तो हा आकडा. तो नुसता बघून काही कळत नाही. त्याला २००० ने गुणून वेगाने भागा, म्हणजे प्रत्यक्ष लागणारे नॅनोसेकंद मिळतात. २४०० ला सीएल १७ म्हणजे साधारण १४.२, ३२०० ला सीएल १६ म्हणजे १०, आणि डीडीआर५-६००० ला सीएल ३० म्हणजे पुन्हा १०. डीडीआर५-४८०० ला सीएल ४० असेल तर १६.७ होतात. म्हणून डीडीआर५ चे सीएल मोठे दिसतात एवढ्यावरून ती हळू आहे असं समजू नका. तुमच्या एच११० वर या आकड्याची चिंता नको. दोन स्टिकचं टायमिंग वेगळं असेल तर बायोस दोघींना झेपणारं ढिलं टायमिंग लावतो, फरक हाताला जाणवत नाही.

ज्यांचं मशीन मोठ्या कंपनीचं तयार डेस्कटॉप आहे त्यांनी मात्र एक्सएमपीवाल्या रॅमपासून सावध राहावं. '३२०० सीएल १६, १.३५ व्होल्ट' असं लिहिलेला संच ३२०० ला धावतो तो एक्सएमपी नावाचं प्रोफाइल बायोसमधून चालू केल्यावर. ते केलं नाही तर असा संच पुष्कळदा २१३३, २४०० किंवा २६६६ ला चालतो, कारण एसपीडीतला त्याचा मूळ वेग तेवढाच असतो. ऑफिससाठी बनवलेल्या बहुतेक तयार मशीनच्या बायोसमध्ये एक्सएमपीची सोयच नसते. तिथे दिसायला साधी, आवरण नसलेली, '३२०० सीएल २२, १.२ व्होल्ट' ची स्टिक घ्यावी. ती काही न करता आपोआप ३२०० ला धावते, अर्थात प्रोसेसरला तेवढा वेग झेपत असेल तर.

एएम५ किंवा इतर डीडीआर५ मशीनवर माझा सल्ला बदलतो. तिथे जुन्या स्टिकच्या जोडीला नवीन दोन टाकून चार स्लॉट भरू नका. रायझन ७००० साठी एएमडीचा अधिकृत वेग दोन स्टिकवर ५२०० आहे, चार स्टिकवर तो ३६०० वर उतरतो. १६ च्या दोन असतील आणि ६४ जीबी हवी असेल, तर जुन्या विकून ३२ च्या दोन घ्या, एकाच डब्यात आलेल्या. मॉडेल क्रमांक तोच आहे म्हणून वेगवेगळे घेतलेले दोन संच सारखेच असतील असं धरू नका. कंपन्या त्याच क्रमांकाखाली कधी सॅमसंगच्या, कधी एसके हायनिक्सच्या, कधी मायक्रॉनच्या चिप्स लावतात. २४ किंवा ४८ जीबीच्या स्टिक घेणार असाल तर आधी बायोस अपडेट करा, आणि बिटलॉकर (विंडोजची डिस्क कुलूपबंद करण्याची सोय) चालू असेल तर अपडेटच्या आधी तो तात्पुरता थांबवा.

बसवताना वायर सॉकेटमधून काढा, पॉवरचं बटण काही सेकंद दाबून उरलेली वीज जाऊ द्या आणि कॅबिनेटच्या उघड्या धातूला हात लावा. स्टिक कडांना धरा, सोनेरी पट्ट्यांना बोट लावू नका. काही बोर्डांवर स्लॉटच्या एकाच टोकाला खिट्टी असते, दुसरं टोक मुळातच पक्कं असतं. दोन्ही टोकांवर सारखा दाब देऊन खिट्टी 'कट्' असा आवाज करून बंद व्हायला हवी. डीडीआर४ ची खालची कड मधोमध किंचित फुगीर असते, म्हणून दोन्ही टोकं नीट खाली गेली आहेत ना ते खास बघा. चार स्लॉटच्या बोर्डावर दोनच स्टिक असतील तर बहुधा प्रोसेसरपासून दुसरा आणि चौथा स्लॉट वापरायचा असतो. बोर्डाच्या माहितीपुस्तिकेत क्रम दिलेला असतो, तोच पाळा.

पहिल्यांदा चालू करताना स्क्रीन काळी राहिली तर लगेच बंद करू नका. बायोस नव्या स्टिकशी जुळवून घेत असतो. डीडीआर४ वर हे थोडक्यात आटपतं, डीडीआर५ वर, विशेषतः एएम५ वर, काही मिनिटं जाऊ शकतात. तरीही चित्र आलं नाही तर नवी स्टिक एकटीच, पहिल्या स्लॉटमध्ये लावून बघा, मग दुसऱ्यात. दोन्ही स्लॉटमध्ये ती एकटी चालत नसेल तर ती खराब आहे किंवा तिच्या चिप्सची घनता बोर्डाला झेपत नाही. एकेकट्या चालतात पण जोडीने नाही, असं असेल तर बायोसच्या सेटिंग मूळ स्थितीला आणा, त्यानेही जमलं नाही तर बायोस अपडेट करा.

विंडोज उघडल्यावर टास्क मॅनेजरमध्ये १६ जीबी आणि २४०० दिसायला हवं. सीपीयू-झेड या माहिती दाखवणाऱ्या प्रोग्राममध्ये १२०० च्या आसपास दिसेल, ते बरोबर आहे, कारण तो खरी घड्याळगती दाखवतो आणि डीडीआरमध्ये एका ठोक्याला दोनदा डेटा जातो. तिथेच चॅनेलसमोर 'ड्युअल' किंवा '२ × ६४ बिट' असं आहे ना बघा. १६ पैकी बरीच कमी वापरता येते असं दिसलं तर आधी ३२ बिटांचं विंडोज नाही ना ते तपासा, मग एमएसकॉन्फिगच्या बूट टॅबमधल्या अ‍ॅडव्हान्स्ड पर्यायांत 'मॅक्सिमम मेमरी' वर खूण नाही ना तेही.

एवढं झालं तरी खरी परीक्षा बाकी असते. मेमटेस्ट८६ पेनड्राइव्हवर घेऊन त्यावरून मशीन सुरू करा आणि रात्रभर चाचणी चालू ठेवा. मोफत आवृत्तीत चार फेऱ्या होतात, त्या पूर्ण होऊ द्या. एकही चूक दिसली तर ती स्टिक ठेवू नका. 'विंडोज तर व्यवस्थित चालतंय' म्हणून तशीच वापरलेली सदोष रॅम फाइल सेव्ह होताना गुपचूप बिघडवते आणि ते पुढे कधीतरी फाइल उघडताना कळतं. चूक आली की एकेक स्टिक वेगळी तपासा, दोषी नवी निघाली तर बदलून मिळण्याची मुदत संपायच्या आत परत करा. त्यासाठीच चाचणी बसवल्याच्या दिवशीच करा, आणि पावती, डबा, सगळं तोपर्यंत जपून ठेवा.